प्रमाणपत्राआधीची तीन वर्षं

पहिलीत मूल येतं तेव्हा सहा वर्षांचं असतं. त्याला वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात खरोखरीची अक्षमता असली, तरी तिचं सरकारी प्रमाणपत्र आठव्या वर्षाआधी मिळत नाही. दिव्यांगत्व ठरवण्याच्या २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तसं नमूद आहे, आणि त्यामागे सबळ कारणही आहे. सहा-सात वर्षांचं मूल मागे राहतंय ते वयामुळे, घरच्या परिस्थितीमुळे, की अक्षमतेमुळे, हे त्या वयात खात्रीनं सांगता येत नाही. घाईनं शिक्का मारू नये, हे मलाही पटतं. पण वर्गात याचा परिणाम काय होतो, ते बाहेरच्यांना दिसत नाही. पहिली, दुसरी आणि तिसरीचा बराचसा भाग म्हणजे अक्षरओळखीपासून आपली आपण गोष्ट वाचण्यापर्यंतचा सगळा पाया. तो काळ त्या मुलाच्या हातून निसटून जातो आणि मग कागद येतो. पुष्कळांच्या बाबतीत कागदही येत नाही.

मी माणदेशातल्या जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली आणि दुसरी माझ्याकडे, तिसरी आणि चौथी आमच्या सरांकडे. माझं म्हणणं असं आहे की, मूल अडखळताना दिसलं की त्याच आठवड्यात मदत सुरू व्हायला हवी. निदान, प्रमाणपत्र, पोर्टलवरची नोंद हे सगळं मागाहून येऊ दे. परीक्षेतल्या जादा वेळेसाठी, लेखनिकासाठी, सरकारी लाभासाठी प्रमाणपत्र लागेल. वाळूत अक्षर गिरवून घ्यायला कुठल्या वैद्यकीय मंडळाची सही लागत नाही.

माझ्याकडे दुसरीत एक मुलगा होता. घरी मेंढरं. तोंडी हिशेबात वर्गात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बाजारात किती बकरी नेली, किती विकली, दावणीला किती उरली, हे बोटं न मोडता सांगायचा. एकदा ऐकवलेली गोष्ट पात्रांच्या आवाजांसकट परत ऐकवायचा. पुस्तक उघडलं की मात्र त्याचे खांदे पडायचे. ‘कमळ’ला ‘मकळ’ वाचायचा. म आणि भ, घ आणि ध, ब आणि व यांत रोज नव्यानं गोंधळायचा. काल ओळखलेलं अक्षर आज पुन्हा अनोळखी. ‘शिकव’ लिहायला सांगितलं की ‘शकिव’ लिहायचा.

ही शेवटची चूक मला फार बोलकी वाटते. आपल्या लिपीत पहिली वेलांटी ऐकू येते अक्षरानंतर आणि लिहिली जाते अक्षराआधी. ‘शि’ म्हणताना कानाला आधी ‘श’ येतो, पण कागदावर डोळ्यापुढं आधी वेलांटी येते. बहुतेक मुलं हा उलटा क्रम फारसा त्रास न होता सोडवतात. आवाज आणि खूण यांची सांगड घालण्यातच ज्याची सगळी शक्ती खर्च होते, तो मात्र तिथं अडतो. ‘र’ची तर आणखी निराळी कथा. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पायाशी, ‘राष्ट्र’मध्ये वेगळ्याच रूपात आणि ‘दऱ्या’मध्ये चौथ्याच. मराठी वाचायला सोपी, जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण सहज म्हणतो. ज्यांना ती सोपी गेली त्यांचं ते म्हणणं आहे.

त्याच्यासाठी काय केलं ते तपशिलात सांगते, कारण ‘विशेष शिक्षण’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं महागडी यंत्रं येतात. एका जुन्या ताटात ओढ्याची चाळलेली वाळू घेतली. तिच्यात बोटानं अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. म आणि भ एकाच आठवड्यात शिकवायचे नाहीत. म पक्का बसू द्यायचा, मध्ये बरीच वेगळी अक्षरं येऊ द्यायची आणि मग भ घ्यायचा. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापली, म्हणजे पानावर तेवढीच ओळ दिसते आणि खालच्या ओळींचा गलबला होत नाही. वेलांटी लाल खडूनं लिहायची. फळ्यावरचं वहीत उतरवून घेणं त्याच्यापुरतं बंद केलं, कारण त्याची निम्मी तासिका त्यातच जायची आणि हाती काही लागायचं नाही. सूचना एका वेळी एकच द्यायची. ‘वही काढा, तारीख घाला, गणित उतरवा आणि सोडवा’ या चार सूचना झाल्या. त्याला पहिल्या दोनच लक्षात राहायच्या. पान मोठ्यानं वाचायला सगळ्या वर्गापुढं कधी उभं करायचं नाही.

आणि त्याचं मूल्यमापन तोंडी. यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, हे आमच्यातल्याही अनेकांच्या लक्षात येत नाही. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे, उपक्रम आहे. लेखी चाचणी हे त्यातलं एक साधन. बाकीची साधनं वापरायची मुभा असताना आपण सगळं वजन कागदावर टाकतो.

तो मुलगा चौथीत गेला तेव्हाही सावकाशच वाचायचा. पण वाचायचा, आणि वाचलेलं त्याला कळायचं. पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेला तेव्हा तिथल्या बाईंना मी दोन पानी पत्र दिलं: याला काय येतं, काय जड जातं, काय केलं की जमतं. वर्णनात्मक नोंदींत ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ एवढं लिहिलेलं असतं, त्यावरून पुढच्या शिक्षकाला काहीच उमगत नाही. असं पत्र मुलाच्या दाखल्याबरोबर जायला हवं.

मागे पडणारं प्रत्येक मूल अक्षम असतं असं मात्र कोणी समजू नये. एका मुलीला अंगणवाडीपासून ‘ढ’ ठरवलं गेलं होतं. मी फळ्याकडे तोंड करून बोलले की ती शेजारणीच्या वहीत डोकवायची. समोर उभं राहून विचारलं की नीट उत्तर द्यायची. तिचा एक कान वर्षानुवर्षं वाहत होता आणि घरचे त्यात कोमट गोडंतेल घालत होते. उपचार झाले, चांगला कान माझ्याकडे येईल अशी पहिल्या ओळीत जागा दिली, आणि ती वर्गाबरोबर आली. कोणाला चष्म्याची गरज असते. कोणाच्या घरी पारधी किंवा वडारी बोलतात आणि पुस्तकातली मराठी त्याला परकी असते. कोणी ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर निम्मं वर्ष फडावर असतं. यांना शिकवण्याची गरज आहे, निदानाची नव्हे. नेमका हा फरक करता यावा म्हणून तर पहिलीपासून जवळून बघायला हवं. ज्याला आठ-दहा आठवडे नीट मदत दिली आणि तरी जे अडखळतच राहिलं, त्याच मुलाच्या बाबतीत पुढच्या तपासणीला अर्थ येतो.

यासाठी साधनं नाहीत असंही नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ हा चाचणीसंच तयार केला, तो मराठीतही आहे आणि त्यात पहिली-दुसरीच्या मुलांसाठी शिक्षकांनी भरायची वेगळी पडताळणी-सूची आहे. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे ॲप २०२२ पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं वैद्यकीय पथक शाळेत येतं. पटावरची सगळी मुलं एका दिवसात तपासायची म्हटल्यावर डॉक्टर तरी प्रत्येकाकडं किती बघणार? पण कोणाचा कान, कोणाचे डोळे, कोणाचं बोलणं जरा नीट तपासा हे शिक्षकानं आधीच लिहून ठेवलं असलं, तर त्या भेटीचं सोनं होतं.

आता प्रमाणपत्राची वाट कशी असते ते बघा. मुंबईत शीव रुग्णालयासारख्या ठिकाणी अध्ययन अक्षमतेसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. आमच्याकडच्या पालकांना पहाटेची एसटी पकडून जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. मंडळ ठरलेल्या वारीच बसतं. आधी डोळे आणि कान तपासायचे, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाची चाचणी. सगळं एका फेरीत होत नाही. ‘मानसतज्ज्ञ आज रजेवर आहेत, पुढच्या बुधवारी या’ हे ऐकून परत आलेले आईबाप मी पाहिले आहेत. दर खेपेला दोघांची रोजंदारी बुडते. तिसऱ्या खेपेनंतर बहुतेक जण नाद सोडतात, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही.

इथं एक चक्र तयार होतं आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याची येते. प्रमाणपत्र नाही म्हणून मुलाची नोंद नाही. नोंद नाही म्हणून त्या शाळेला विशेष शिक्षकाची गरज कागदावर दिसत नाही. विशेष शिक्षक नाही म्हणून मुलाची अडचण कोणी नेमकी हेरत नाही, आणि हेरली नाही म्हणून प्रमाणपत्र नाही. वर्गात मूल रोज समोर बसलेलं असतं, यादीत ते नसतं.

आधी प्रमाणपत्र आणि मग मदत, असं कायदा सांगत नाही, हे ठामपणे म्हणायला हवं. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. त्यात अध्ययन अक्षमतेला जागाच नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं प्रकार एकवीस केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आणली. त्याचं कलम १६ शाळांवर जबाबदारी टाकतं की मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर हेरावी आणि तिच्यावर मात करण्यासाठी योग्य ते अध्यापनाचे व इतर उपाय करावेत. लवकरात लवकर, असं कायदाच म्हणतो. प्रमाणपत्र आल्यावर शिकवायला लागा असं त्यात कुठंही नाही. ती रीत आपण पाडली.

विशेष शिक्षकांच्या बाबतीतही कागदावर बरंच काही आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये निकाल दिला आणि प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण धरायला सांगितलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की पदं निर्माण करा आणि भरा. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये केंद्रपातळीवर ४,८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला. हे चांगलं पाऊल आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. वर्षानुवर्षं हे काम तुटपुंज्या मानधनावरच्या कंत्राटी विशेष शिक्षकांनी तालुकाभर मोटारसायकल दामटत केलं आहे. पण एका केंद्रात एक शिक्षक म्हणजे त्याच्या वाट्याला दहा-बारा शाळा. आमच्यासारख्या शाळेत तो महिन्यातून फार तर दोनदा येणार. महिन्यातून दोनदा भेटून वाचता येत नाही. वाचायला रोज लागतं. म्हणजे रोजचं काम वर्गशिक्षकाकडेच राहणार. विशेष शिक्षकानं त्याला दिशा द्यायची, मुलाबरोबर बसून काय करायचं ते दाखवायचं आणि पुढच्या खेपेला त्याचा आढावा घ्यायचा. त्याचा वेळ माहितीचे तक्ते भरण्यात आणि शिबिरांच्या फोटोंत जाऊ नये, एवढं तरी वरच्यांनी पाहावं.

‘पण बाई, वेळ कुठून आणायचा?’ हा प्रश्न सहकारी विचारतात आणि तो रास्त आहे. दोन वर्ग एका खोलीत, त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसरं अशैक्षणिक काम द्यायला मनाई केली आहे. ते कलम पाळलं गेलं तर वेळेचा निम्मा प्रश्न सुटेल. तरीसुद्धा मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं मी राखून ठेवते. त्या वेळात बाकीची मुलं चौथीतल्या मुलींबरोबर जोडीनं वाचतात आणि अडखळणारी चार-पाच जण माझ्याजवळ बसतात. चौथीतल्या मुलींचं नुकसान होतं का? लहानांना समजावताना त्यांचं स्वतःचं वाचन सुधारलेलं मी पाहिलं आहे. वाळूचं ताट आणि पुठ्ठ्याची खिडकी तर हळूहळू सगळ्या वर्गानं मागून घेतली. चाळीस मुलांच्या वर्गात हे एकटीला जमणार नाही, तिथं आणखी दोन हात लागतील. गावात बारावी झालेल्या, घरी बसलेल्या सुना आहेत. त्यांना थोडं शिकवून, थोडं मानधन देऊन रोज तासभर शाळेत आणता येईल.

पैशाचं म्हणाल तर एक सोय गावातच आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. आमच्या भागात तो मार्चअखेरीला थोडा थोडा वाटून संपवतात. त्यातून तपासणीसाठी जिल्ह्याला जाणाऱ्या मुलांची गाडी करता येईल, बुडालेल्या रोजगाराची भरपाई देता येईल. त्यासाठी नियमांत दुरुस्ती लागत असेल तर ती करावी. ज्यांच्या हातात अजून कागद नाही, त्यांनाच तर तो मिळवण्यासाठी मदत हवी आहे.

सगळ्यात नाजूक भाग पालकांचा. ‘माझं पोरगं काय येडं हाय का, बाई?’ असं त्या मेंढपाळ बापानं मला विचारलं होतं, आवाज चढवून. त्याच्यामागे भीती होती. मी त्याला वर्गात बसवून घेतलं आणि पोराला तोंडी हिशेब घातले. पोरानं धडाधड उत्तरं दिली. मग त्याच हिशेबाचं वाचून दाखवायचं गणित दिलं. बापानं स्वतः पाहिलं की डोकं चालतंय, अक्षरं अडवतायत. त्यानंतर घरी पोराचं कान पिळणं थांबलं, असं त्याच्या आईनं सांगितलं. मुलीच्या बाबतीत तर पालक नोंद करायलाच नकार देतात. पुढं लग्नात आडवं येईल म्हणतात. विशेष गरजा असलेल्या मुलींना समग्र शिक्षा योजनेतून महिन्याला २०० रुपये प्रोत्साहनभत्ता मिळतो, वर्षातले दहा महिने. त्या रकमेसाठी कोणती आई हा धोका पत्करेल? रक्कम वाढवावीच, पण मुलीला मदत मिळण्यासाठी आधी तिच्या कपाळी शिक्का बसलाच पाहिजे, ही अट आपण काढून टाकली तर अशा मुली आपोआप पुढं येतील.

काही मुलांची गरज खरोखर मोठी असते. बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं दिला आहे, आणि चांगल्या विशेष शाळांनी जे ज्ञान जमवलं आहे त्याला तोड नाही. त्या मुलांना तिथली मदत मिळायलाच हवी. पण ज्याला फक्त अक्षरं जड जातात त्याला गावातल्या शाळेतून उठवून दुसरीकडं पाठवण्याचं काही कारण नाही. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळा मुलांकडे नेली. मुलं जिथं गुरं राखतात तिथं, कुरणात, वर्ग भरवला. ज्या राज्यात हे घडलं, तिथं मुलाला कागद आणायला लावून मग शिकवणं शोभत नाही.

शेवटी पालकांना सांगायचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य तुम्हीच असता. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच सभेत तीन गोष्टी विचारा: पहिली-दुसरीत अडखळणारी मुलं किती आहेत, त्यांच्यासाठी रोजची कोणती वेळ राखली आहे, आणि विशेष शिक्षक कोणत्या वारी येणार आहेत. मुलांची नावं सभेत घेऊ देऊ नका, ती त्यांना जन्मभर चिकटतात. संख्या, वेळ आणि वार मात्र इतिवृत्तात लिहून घ्या, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा विचारा.